छायाचित्रणाच्या शंका : मागचं धूसर झालं, पण समोरच्याचं काय?

या वेळच्या टपालात बहुतेक शंका बॅकग्राउंड ब्लरभोवतीच फिरत होत्या. म्हणून फ्लॅश आणि प्रिंटचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतले आहेत. आकडेमोड जिथे आहे तिथे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा), म्हणजे बहुतेकांकडे असतो तो कॅमेरा धरला आहे.

प्रश्न : ब्लरसाठी म्हणून खास ५० मि.मी. एफ/१.८ लेन्स घेतली. घरात मुलीला भिंतीपुढे बसवून एफ/१.८ वर फोटो काढला, तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखासुद्धा वाचता येतात. लेन्स सदोष आहे का? (सांगली)

उत्तर : लेन्स चांगली असणार. घोटाळा भिंतीच्या अंतराचा आहे.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक. फोकल लेंग्थला, म्हणजे लेन्सवरच्या मि.मी.च्या आकड्याला, एफ-आकड्याने भागलं की अ‍ॅपर्चरचा व्यास मिळतो. तुमच्या लेन्सचा ५० भागिले १.८, म्हणजे साधारण २८ मि.मी. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सचा ५५ मि.मी. आणि एफ/५.६ वर जेमतेम १० मि.मी. आता गंमत अशी, की खूप लांबचा एखादा दिव्याचा ठिपका फोटोत जेवढा पसरतो, तो विषय उभा आहे त्या अंतरावर मोजला तर बरोबर या व्यासाएवढा भरतो. पार्श्वभूमी जवळ असेल तर या व्यासाला विषय ते पार्श्वभूमी या अंतराने गुणायचं आणि कॅमेरा ते पार्श्वभूमी या अंतराने भागायचं. एवढं एक गणित जमलं की ब्लरबद्दलचे निम्मे वाद मिटतात.

मुलगी तुमच्यापासून दीड मीटरवर आहे आणि भिंत तिच्यामागे ३० सेंमी. २८ गुणिले ०.३ भागिले १.८, म्हणजे पावणेपाच मि.मी.सुद्धा नाही. कॅलेंडरवरचे तीन-तीन सेंमीचे आकडे एवढ्याशा पसरण्याने कसे पुसले जाणार? तिला भिंतीपासून तीन मीटर पुढे आणा, तुम्हीही तेवढेच मागे सरका. २८ गुणिले ३ भागिले ४.५, जवळजवळ १९ मि.मी. म्हणजे चौपट. शिवाय लांब गेल्यामुळे ते आकडे मुलीच्या अंतरावर मोजले तर एकच सेंमीचे उरतात. १९ मि.मी.च्या धुक्यात ते गायब.

याच हिशेबाने साधी किट लेन्स एफ/५.६ वर, भिंत तीन मीटर मागे ठेवून, साडेसहा मि.मी. ब्लर देते. भिंतीला चिकटून काढलेल्या तुमच्या एफ/१.८ पेक्षा जास्तच. घर लहान असेल तर दोन खोल्यांमधल्या दारात बसवा, मागची सगळी खोली मोकळी मिळते. आणखी ब्लर हवा म्हणून ६०-७० सेंमीवर जाऊन चेहरा भरू नका, एवढ्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात, आणि तो दोष लेन्सचा नसून अंतराचा असतो.

प्रश्न : बागेत काढलेल्या फोटोत मागचं सगळं पूर्ण धूसर आहे, तरी नजर चेहऱ्यावर ठरत नाही, मागे मागे पळते. असं का? (कोल्हापूर, अशाच शंका सातारा आणि बेळगावहूनही)

उत्तर : ब्लर तपशील पुसतो. उजेड पुसत नाही, रंग पुसत नाही, मोठे आकारही पुसत नाही. फोटो पाहताना नजर आधी सगळ्यात उजळ आणि सगळ्यात भडक जागी जाते, आणि ती जागा धूसर असली तरी जातेच. झाडाच्या पानांतून डोकावणारं आकाश, मागे उभी पांढरी गाडी, कुणाची लाल ओढणी, यातलं एकही ब्लरने नाहीसं होत नाही. उलट पानांतल्या उजेडाच्या बारीक फटी ब्लरमध्ये फुगून मोठ्या होतात. डोक्यातून उगवल्यासारखं दिसणारं झाडाचं खोड एफ/१.८ वर फक्त मऊ खोड होतं, उगवायचं थांबत नाही.

याच्या उलट बाजूची चूकही सर्रास होते. काळे केस आणि मागे गर्द झाडी. झाडी स्पष्ट असती तर पानांच्या पोतामुळे केसांची कड तरी वेगळी कळली असती. ब्लरमध्ये दोन्ही काळपट एकजीव होतात आणि डोक्याचा आकारच हरवतो. चेहरा उठून दिसतो तो कडेला उजेड-अंधाराचा फरक असल्यामुळे. म्हणून काळ्या केसांमागे पार्श्वभूमीचा थोडा उजळ भाग येईल असं उभं राहा, नाहीतर सूर्य मागून तिरपा घ्या, म्हणजे केसांना आणि खांद्याला उजेडाची कड येते. मात्र उन्हाने उजळलेली पार्श्वभूमी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवते आणि चेहरा काळवंडतो. फोटो उजळ करणारं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ च्या आसपास लागेल.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमीच्या पोताची. सुकलेलं गवत, बांबूचं बेट, बारीक काटक्या. यांचा ब्लर बऱ्याच लेन्समध्ये लोण्यासारखा येत नाही, प्रत्येक काडीच्या दोन-दोन रेषा होतात आणि मागे नुसती खळबळ दिसते. लेन्समधल्या गोलीय दोषाची (काचेच्या मधले आणि कडेचे किरण एका जागी न जुळण्याची) दुरुस्ती जरा जास्त केलेली असली की धूसर वर्तुळांच्या कडा मधल्या भागापेक्षा उजळ होतात, त्याचा हा परिणाम. तो लेन्सचा स्वभाव, तुमच्या हातात नाही. काडीचं गवत सोडून पाच पावलांवरची सपाट सावली निवडणं हातात आहे.

हे सगळं सुधारायला अ‍ॅपर्चरपेक्षा पाय जास्त उपयोगी. मुलगा दोन मीटरवर आहे आणि झाडं त्याच्यामागे दहा मीटर. तुम्ही ३० सेंमी बाजूला सरकलात की पार्श्वभूमी त्याच्या मागून दीड मीटर सरकते. ३० गुणिले १०, भागिले २. कॅमेरा २० सेंमी खाली घेतला तर त्याचं डोकं मागच्या देखाव्यात मीटरभर वर चढतं. खोड, कुंपण, बाकडं यांच्या वर निघून स्वच्छ आकाशात किंवा सावलीत जातं. म्हणजे अर्धं पाऊल टाकून जे साधतं, ते लाखाच्या लेन्सने साधेलच असं नाही.

पाहायचं कसं? फ्रेम धरा आणि फोकस रिंग फिरवून सगळंच धूसर करा. चेहरा ओळखू येत नसतानाही नजर कुठे जाते ते बघा. चेहऱ्याच्या जागी जात नसेल तर जागा बदला. डीएसएलआर असेल तर हे लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून करा. व्ह्यूफाइंडरची काच एफ/२.५-२.८ च्या आसपासचाच ब्लर दाखवते, त्यामुळे एफ/१.८ चा फोटो तिथे दिसला त्याहून वेगळा निघतो.

प्रश्न : दिवाळीत पणती धरलेल्या बहिणीचा फोटो काढला. मागच्या माळेचे दिवे मोठे गोल यावेत अशी अपेक्षा होती. ते पंचकोनी आले, कडेचे चपटे आले आणि काही बल्ब तर विझलेलेच दिसतात. (नाशिक)

उत्तर : तीन दोष, तिन्हींची कारणं वेगळी.

पंचकोन येतो तो अ‍ॅपर्चर लहान-मोठं करणाऱ्या पात्यांमुळे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना पाती आत दडलेली असतात आणि वर्तुळ गोलच येतं. थोडं बंद केलं की पात्यांचा आकार उमटतो. कॅननच्या १९९० सालच्या ५० मि.मी. एफ/१.८ दुसऱ्या आवृत्तीत पाच पाती आहेत, एफ/२.८ वर हमखास पंचकोन. २०१५ मध्ये आलेल्या एसटीएम आवृत्तीत सात गोलसर पाती आहेत, तिथे गोलाई बरीच टिकते.

कडेचे चपटे यायचं कारण उलट आहे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर फ्रेमच्या कोपऱ्याकडे तिरप्या येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग लेन्सची नळीच कापते. एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद केलं की हे कमी होतं, पण मग पात्यांचे कोन दिसायला लागतात. दोन्ही एकदम मिळत नाही. आमचा कौल उघड्या अ‍ॅपर्चरला. माळ फ्रेमच्या मधल्या दोन तृतीयांश भागात ठेवा आणि कोपरे काळे जाऊ द्या. वर्तुळात कांद्याच्या चकतीसारखी वलयं दिसली तर ती साच्यात घडवलेल्या, पूर्ण गोलाकार नसलेल्या अ‍ॅस्फेरिकल काचेची खूण, त्यावर फोटो काढताना उपाय नाही.

विझलेले बल्ब. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. स्वस्त एलईडी माळा सेकंदाला ५० वेळा उघडझाप करतात, डोळ्याला कळत नाही. शटर १/२०० ठेवलं तर काही दिवे नेमके विझलेल्या क्षणी टिपले जातात. १/५० ठेवा, एक पूर्ण फेरा पकडला जातो. बहिणीला श्वास रोखून स्थिर उभं राहायला सांगा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० पर्यंत न्या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडला तर पणतीचा पिवळा उजेड फिका पडतो; ३००० केल्व्हिनच्या जवळ हाताने लावा.

आता वर्तुळांचा आकार. बहीण दीड मीटरवर, माळ तिच्यामागे तीन मीटर, तर ५० मि.मी. एफ/१.८ वर एकेक वर्तुळ तिच्या चेहऱ्याच्या मापात १९ मि.मी.चं. ८५ मि.मी. एफ/१.८ असेल आणि तेवढ्याच अंतरावरून काढलं तर ३१ मि.मी.चं. माळेतले दिवे दहा-दहा सेंमीवर असतील तर त्या मापात ते सव्वातीन सेंमीवर येतात. म्हणजे ८५ वर वर्तुळं एकमेकांना टेकायला आली, माळ आणखी मागे नेलीत तर एकात एक घुसून नुसता पट्टा होतो. दिवे वेगळे दिसायला हवे असतील तर माळ सैल, फाकवून टांगा. वर्तुळ जेवढं मोठं तेवढा त्याच दिव्याचा उजेड पसरून फिका पडतो, हेही धरून चाला. वर्तुळांना हिरवट कड आणि फोकसच्या पुढे असलेल्या जरीला जांभळट कड दिसली तर घाबरू नका, मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्समध्ये हे चालतं. एफ/२.८ वर कमी होतं, उरलेलं संगणकावर निघतं.

प्रश्न : एफ/१.८ वर काढले की कान शार्प आणि डोळे मऊ येतात. (लातूर)

उत्तर : ५० मि.मी. एफ/१.८ वर दीड मीटरवरून शार्प भाग मिळतो साडेसहा सेंमी, निम्मा पुढे आणि निम्मा मागे. एक मीटरवर गेलात तर जेमतेम तीन सेंमी. चेहरा ४५ अंशांत वळलेला असेल तर लांबचा डोळा जवळच्या डोळ्यापेक्षा चारएक सेंमी मागे असतो, म्हणजे एक मीटरवरून दोन्ही डोळे शार्प मिळणं शक्यच नाही. तेव्हा जवळचा डोळा पकडा.

कान शार्प येतात याचा अर्थ फोकस मागे पडतोय. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून मग फ्रेम हलवत असाल तर तिथेच शंका घ्या. एक मीटरवर कॅमेरा नऊ अंशांनी फिरवला तरी फोकस १२ मि.मी. मागे सरकतो आणि तुमच्या हाती सवलत आहे १४-१५ मि.मी.ची. त्यात कुणी सेंटिमीटरभर डुललं की संपलं. डोळ्याच्या जागेवरचाच फोकस बिंदू निवडा किंवा डोळा ओळखून फोकस करणारं आय एएफ असेल तर ते चालू करा. तरीही मागेच पडत असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये काढून बघा. तिथे बरोबर आणि व्ह्यूफाइंडरने चूक असेल तर एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकसची बारीक जुळणी लागेल. आणि खरं सांगायचं तर दीड मीटरवर एफ/२.८ लावा, दहा सेंमी मिळतात, लेन्सही जास्त कुरकुरीत होते. मागे जागा असेल तर ब्लर पुरेसा राहतो.

प्रश्न : लग्नात फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेल्या फोटोत नवरीच्या मुंडावळ्या अर्ध्या धूसर, अर्ध्या स्पष्ट आल्या. चष्मेवाल्या काकांच्या चष्म्याची कडही खाल्ली गेली. (पुणे)

उत्तर : फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंग्थ सहा-सात मि.मी., म्हणजे अ‍ॅपर्चरचा व्यास चार मि.मी.च्या आत. वरचं गणित लावलंत तर कळेल की खरा ब्लर जवळजवळ नाहीच. बाकीचं फोन रंगवतो. त्यासाठी आधी तो अंतराचा नकाशा बनवतो. २०१६ च्या आयफोन ७ प्लसने दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतल्या फरकावरून तो काढला, २०१७ च्या गूगलच्या पिक्सेल २ फोनने एकाच कॅमेऱ्यातल्या दुभागलेल्या पिक्सेलवरून आणि माणूस ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवरून. या नकाशात बारीक वस्तू हरवतात. गालापासून सुटून लोंबणारी मोत्यांची सर, मोकळी बट, गजऱ्याच्या कळ्या, चष्म्याची तार, कोपर आणि कमरेमधली फट. नकाशात सर चुकून मागच्या मंडपाची ठरली की फोन तिला मंडपाबरोबर धूसर करतो.

काढताना नवरीला मागच्या सजावटीपासून निदान दोन मीटर पुढे घ्या. मुंडावळ्या पांढऱ्या आणि मागे पांढरी फुलं असं येऊ देऊ नका, मागे गडद पडदा असला की कड नीट सापडते. मुंडावळ्या हलत असतील तर थांबा. ब्लरची पट्टी बहुतेक फोनमध्ये नंतरही मागेपुढे करता येते, एफ/१.४ असं लिहिलेलं दिसलं तरी ते खरं अ‍ॅपर्चर नव्हे. ती एफ/४ ते ५.६ वर आणा, चुका निम्म्याने लपतात. फोनमध्ये वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर साध्या मोडमध्ये, जवळून, मागे भरपूर जागा ठेवून काढा. ब्लर थोडा मिळेल, पण प्रत्येक मोती खरा मिळेल. काकांचा फोटो पोर्ट्रेट मोडशिवायच.

पूर्णाकृती फोटोत आणखी एक गोष्ट उघडी पडते. खऱ्या लेन्समध्ये पायाखालची जमीन शार्प असते आणि मागे जाताना हळूहळू विरघळते. फोन पुष्कळदा पायाच्या कडेलाच जमीन एकदम धूसर करतो आणि माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कमरेपर्यंतची फ्रेम घ्या, प्रश्न मिटला.

प्रश्न : भिगवणला बोटीतून पक्ष्यांचे फोटो काढतो. ४०० मि.मी. एफ/५.६ आहे. इतरांना मागे गुळगुळीत रंग मिळतो, मला मागचं गवत दिसतं. एफ/२.८ लेन्सशिवाय जमणार नाही का? (बारामती)

उत्तर : जमेल. तुमच्या लेन्सचा व्यास ७१ मि.मी. आहे, हा भरपूर झाला. बोटीत उभं राहून वीस मीटरवरच्या पक्ष्याकडे खाली बघत फोटो काढला, की त्याच्यामागे येतं पाच मीटरवरचं गवत किंवा चिखल. ब्लर ७१ गुणिले ५ भागिले २५, म्हणजे १४ मि.मी. कॅमेरा पाण्याच्या जवळ, बोटीच्या काठावर बीन बॅगवर ठेवा. आता पक्ष्यामागे जवळचं गवत न येता ८० मीटरवरचा काठ येतो. ७१ गुणिले ८० भागिले १००, म्हणजे ५७ मि.मी. त्याच लेन्सवर चौपट. वीस मीटरवर एफ/५.६ ला शार्प भाग ५६ सेंमी मिळतो, रोहित (फ्लेमिंगो) पक्षीसुद्धा तिरपा नसेल तर पंखासकट त्यात बसतो. एफ/२.८ वर तो निम्मा होऊन मान शार्प आणि शेपूट मऊ अशी नवी डोकेदुखी सुरू होते. काठावरून वाकताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या आणि नावाड्याला आधी सांगा.

प्रश्न : कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाळी फोटोत येते. (हडपसर)

उत्तर : रेलिंगच्या अलीकडून शक्य तितकं जाळीजवळ जा, लांब झूम, उघडं अ‍ॅपर्चर. २०० मि.मी. एफ/५.६ चा व्यास ३६ मि.मी., त्यापुढे दोन-तीन मि.मी.ची तार विरून जाते. एफ/१६ केलंत तर व्यास १२ वर येतो आणि जाळी परत उमटते. तारेवर ऊन पडलेलं असेल तर ती विरली तरी सगळ्या फोटोवर पांढुरका पडदा येतो आणि प्राणी फिका पडतो, म्हणून सावलीतला तुकडा शोधा. ऑटोफोकस जाळी पकडतो, एकच बिंदू निवडा किंवा हाताने फोकस करा. प्राण्याच्या मागेही जाळी असते हे विसरू नका, तो मागच्या जाळीपासून सुटेपर्यंत थांबावं लागतं.

प्रश्न : दुपारी एफ/१.८ लावलं की फोटो पांढरा पडतो. मिररलेस कॅमेऱ्यात वर्तुळंही कधी कधी कापलेली दिसतात. (अकोला)

उत्तर : रणरणत्या उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ ला १/१०० लागतं. एफ/१.८ पर्यंत सवासहा स्टॉप उघडलं की १/८००० लागणार. तुमचा कॅमेरा १/४००० वर थांबत असेल तर फोटो एक स्टॉप उजळ जाणारच. तीन स्टॉपचा एनडी८ फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावा, १/१००० वर येता. झाडाची सावली फुकट आहे आणि चेहऱ्यालाही बरी. वर्तुळं कापली जातात ती इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन शटरमुळे (यात शटरचा पहिला पडदा खरा न सरकता इलेक्ट्रॉनिक असतो). वेगवान शटर आणि उघडं अ‍ॅपर्चर एकत्र आले की हे होतं. मेनूमध्ये मेकॅनिकल शटर निवडा.

प्रश्न : दोन रांगांचा ग्रुप आणि तरीही मागे ब्लर, कसं? (ठाणे)

उत्तर : ५० मि.मी., तीन मीटर, एफ/८, फोकस पहिल्या रांगेवर. सव्वा मीटरच्या आसपास शार्प भाग मिळतो, दुसरी रांग त्यात बसते. एफ/१.८ वर २६ सेंमीच मिळाले असते. ब्लरसाठी मंडळींना कार्यालयाच्या भिंतीपासून दहा मीटर पुढे आणा. मागे लोणी होणार नाही, खिडक्या मऊ होतील. ग्रुपला तेवढं पुरे.

प्रश्न : तांबट आळीत कारागिरांचे फोटो काढतोय. ८५ मि.मी. एफ/१.८ वर चेहरे सुंदर येतात, पण सगळे फोटो स्टुडिओत काढल्यासारखे वाटतात. ब्लर किती ठेवावा? (पुणे)

उत्तर : मागचं काय ओळखू यायला हवं ते आधी ठरवा, मग ब्लर मोजा. मागची वस्तू विषयाच्या अंतरावर आणून मोजायची आणि ब्लरच्या वर्तुळाशी ताडायची. वस्तू वर्तुळाच्या पाच-सहा पट असेल तर मऊ पण ओळखीची राहते. बरोबरीला आली की पुसली जाते.

कारागीर दोन मीटरवर, मागची मांडणी आणखी दोन मीटरवर. ८५ मि.मी. एफ/१.८ चा व्यास ४७, वर्तुळ निम्मं, साडेतेवीस मि.मी. मांडणीवरचं ३० सेंमीचं पातेलं त्या मापात १५ सेंमी. म्हणजे पातेलं कळतं, पण त्यावरचे ठोक्यांचे ठसे गेले, पाटीवरची पाच सेंमीची अक्षरं गेली, भिंतीवर टांगलेल्या हातोड्यांचे दांडे गेले. तुमचे फोटो स्टुडिओतले वाटतात ते यामुळे. जागा सांगणारं सगळं नेमकं त्या २३ मि.मी.च्या आतलं आहे.

तिथे ३५ मि.मी. एफ/४ घेऊन बघा. व्यास पावणेनऊ मि.मी. कारागिराला सव्वा मीटरवरून घ्या, मागची भिंत त्याच्यामागे सव्वा मीटर. वर्तुळ साडेचार मि.मी.चं, पाटीची अक्षरं त्या मापात अडीच सेंमी. वाचता येतात, हातोडे मोजता येतात, तरी नजर चेहऱ्यावर राहते, कारण चेहरा त्याहून बराच शार्प आहे. मात्र आता मागचा पसारा ब्लर झाकणार नाही. निळी प्लास्टिकची बादली, लोंबणारी वायर, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दाखवणारं पातेलं, हे डोळ्यांनी शोधून फ्रेमबाहेर ठेवावं लागतं. बादली हलवायची तर कारागिराला विचारून. हातोड्यांना हात लावू नका, ते त्याच्या हाताच्या सवयीने लावलेले असतात. दोन्ही लेन्स बाळगा. हातांचा क्लोज-अप ८५ वर, माणूस आणि जागा ३५ वर.

प्रश्न : जुनी ८५ मि.मी. लेन्स विकत मिळतेय. विकणारा म्हणतो काच स्वच्छ आहे. खात्री कशी करू? (रत्नागिरी)

उत्तर : ब्लरचं वर्तुळच तपासणी करून देतं. फोनच्या टॉर्चवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून त्याला टाचणीने एक भोक पाडा आणि अंधाऱ्या खोलीत तीन-चार मीटरवर ठेवा. लेन्स पूर्ण उघडी, फोकस हाताने अगदी जवळच्या अंतरावर, ठिपका फ्रेमच्या मधोमध. फोटोत जे मोठं वर्तुळ येईल ते म्हणजे लेन्सच्या आतलं चित्र. सुटे काळे ठिपके ही धूळ, चार-दोन असतील तर चालतं. मुळांसारख्या फांद्या फुटलेल्या रेषा म्हणजे बुरशी; सौदा सोडा, निदान साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. वर्तुळ मधोमध असूनही एका बाजूला जास्त उजळ किंवा तिरकं दिसलं तर आतली काच सरकलेली आहे, ही लेन्स एका बाजूला कायम मऊ येईल. मग अ‍ॅपर्चर एकेक स्टॉप बंद करत बघा, पाती अडकत असतील तर वर्तुळाचा आकार वेडावाकडा होतो.

घेतलीत तर कोकणातल्या पावसाळ्यात ती चामड्याच्या केसमध्ये किंवा कपाटात नको. रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दीड-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत परता, पण ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका.